नव्या फ्लॅटचं इंटिरिअर: मासिक बघावं, मोबाइल की मिस्त्रीचा कॅटलॉग?

नागपुरात बेसा किंवा मनीषनगरला टू बीएचकेचा ताबा मिळाला की पहिला प्रश्न असतो, नमुने बघायचे कुठे? पूर्वी लोक सीताबर्डीच्या फुटपाथवरून गृहसजावटीच्या मासिकांचे जुने अंक उचलायचे, पानांचे कोपरे दुमडून सुताराला दाखवायचे. आता ही मासिकंच आटत चालली आहेत. अमेरिकेतलं 'हाउस अँड गार्डन' २००७ मध्ये बंद पडलं, 'मार्था स्टुअर्ट लिव्हिंग'ची छपाई २०२२ मध्ये थांबली. फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीने २०१६ साली २० कोटी प्रती छापलेला आपला कॅटलॉग २०२० मध्ये गुंडाळायचं जाहीर केलं. जाहिराती फोनवर गेल्या, फोटो फुकट झाले. मग अंक विकत कोण घेणार?

तरी माझं मत सांगतो: घराचा एकूण विचार करायला मासिकच बरं. त्यात एकच घर दारापासून बाल्कनीपर्यंत दिसतं, बरेचदा नकाशासकट. हॉलमधल्या फरशीचा रंग बेडरूमशी कसा जुळवला, सामान कुठे लपवलं, हे कळतं. अंक दोन वर्षं जुना असला तरी बिघडत नाही. अडचण वेगळीच आहे. ही घरं बहुतेक मुंबई-दिल्लीची, ऐसपैस, आणि त्यांत कूलर कधीच दिसत नाही! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. खिडकीत कूलर कुठे बसणार, त्याला पाणी कुठून येणार, हे ठरल्याशिवाय सोफ्याची जागाही ठरत नाही. मासिकातली पांढरीशुभ्र काचेची पश्चिम भिंत इथे उचलून लावली, तर दुपारी त्या खोलीत कोणी बसणार नाही.

मोबाइल सुट्या गोष्टींसाठी उत्तम. कोपऱ्यातली ट्रॉली कशी फिरते, पलंगाखालचं स्टोरेज कसं उघडतं, हे रील अर्ध्या मिनिटात दाखवते. छापील पान ते दाखवूच शकत नाही. पण एका किचनवर बोट ठेवलं की पुढचे आठ दिवस किचनच किचन, आणि घरातल्या प्रत्येकाची निवड निराळी. त्यात निम्मी चित्रं संगणकावर केलेली, प्रत्यक्षात कुठेही नसलेल्या खोल्यांची. तीच घेऊन मिस्त्रीकडे गेलं की तो म्हणतो, "भाऊ, याचं माप काय?"

मिस्त्रीचा कॅटलॉग म्हणजे लॅमिनेटच्या, म्हणजे सनमायकासारख्या पत्र्यांच्या, तुकड्यांची जाड फाइल. कल्पना सुचायला तिचा उपयोग शून्य, पण रंग नक्की करायचा तो तिच्यावरूनच. छापलेला आणि स्क्रीनवरचा, दोन्ही रंग फसवतात. दुकानातून तुकडा घरी आणा, दुपारच्या उजेडात बघा, रात्री ट्यूबलाइटखाली बघा. पश्चिमेच्या उन्हात येणाऱ्या कपाटाला पीव्हीसी फॉइलचं (वर प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेलं) चकचकीत शटर नको. उष्णतेने ते कडेला सुटतं. त्यापेक्षा एक एमएमचं मॅट लॅमिनेट घ्या.

बजेट हात आखडता घ्यायला लावत असेल तर डिझायनरच्या थ्रीडी चित्रांवर थोडं कमी खर्च करा, पण सिंकखालच्या प्लायवर नाही. लकडगंजच्या लाकूडबाजारात घ्या नाहीतर घराजवळ, शीटवर आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का स्वतः बघा आणि बिलावर तसं लिहून घ्या.