पिल्लांच्या टाकीसाठी दोन स्पंजांचा फिल्टर : वापरानंतरचे मत

गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे अंडी न घालता थेट पिल्ले देतात. जन्मलेले गप्पीचे पिल्लू साधारण 6 ते 8 मिलिमीटर लांब असते आणि मोटरवर चालणाऱ्या फिल्टरच्या तोंडाशी असलेल्या फटीतून ते सहज आत ओढले जाते. मोठे मासे पिल्ले खातात हे ठाऊक असल्यामुळे आपण टाकीत जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट या दाट पाणवनस्पती भरपूर ठेवतो, पण फिल्टरकडे मात्र अनेकांचे लक्ष जात नाही. त्यासाठी शाहूपुरीतील एका दुकानातून मी हवेवर चालणारा, दोन स्पंजांचा साधा फिल्टर घेतला. पिल्लांच्या टाकीत याहून योग्य साधन नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

याची रचना अगदी सोपी आहे. एअर पंपाची हवा उभ्या नळीतून बुडबुड्यांच्या रूपाने वर चढते, जाताना पाणी सोबत नेते, आणि त्याची जागा घेण्यासाठी टाकीतले पाणी स्पंजमधून आत येते. फिरणारे पाते पाण्यात कुठेच नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओढ स्पंजच्या सगळ्या पृष्ठभागावर विभागली जाते, त्यामुळे कोणत्याही एका जागी ती पिल्लाला खेचण्याइतकी जोरदार राहत नाही. पुष्कळ जण मोटरच्या फिल्टरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा किंवा पायमोज्याचे कापड रबर लावून बांधतात. त्याने पिल्लू आत जात नाही हे खरे, पण तोंड तेवढेच लहान राहिल्याने तिथला जोर कमी होत नाही. उलट जाळीची काही छिद्रे कचऱ्याने बुजली की उरलेल्या छिद्रांवरचा जोर वाढतो आणि अशक्त पिल्लू जाळीला चिकटून मरते. छिद्राचा आकार आणि ओढीचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पिल्लांसाठी दोन्ही सांभाळाव्या लागतात.

या फिल्टरवर पिल्ले निर्धास्तपणे टेकतात. काळ्या स्पंजवर काही आठवड्यांनी तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. त्यातले सूक्ष्म जीव टिपत, शेपटी किंचित हलवत ती एकेका जागी बराच वेळ चरत राहतात. आर्टेमिया या कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवाची ताजी पिल्ले खाऊ म्हणून सोडली, तर तीही मोटरच्या फिल्टरइतक्या झपाट्याने नाहीशी होत नाहीत.

नवा स्पंज मात्र थेट पिल्लांच्या टाकीत लावू नये. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्यात वसायला वेळ लागतो, म्हणून तो महिनाभर आधी मोठ्या, जुन्या टाकीत चालवून घ्यावा. धुतानाही तो नळाखाली धरू नये, कारण महापालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनने हे जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो हलक्या हाताने पिळावा. दोन स्पंज असल्याचा फायदा इथे कळतो : एका वेळी एकच धुतला, की दुसऱ्यातले जिवाणू काम चालू ठेवतात.

वळवाचा पाऊस आला की आपल्याकडे वीज जाते, आणि त्या वेळी बॅटरीवरचा लहान एअर पंप याच नळीला जोडता येतो. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) बसवावाच, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी उलटे पंपात उतरते.

उणिवाही आहेत. सोबत आलेल्या रबरी वाट्या काचेवर नीट धरत नाहीत, आणि कोरडा स्पंज पाण्यात दाबून त्यातली हवा काढली नाही, तर सगळा फिल्टर तरंगत वर येतो. बुडबुड्यांचा आवाज झोपायच्या खोलीत जाणवतो. पाण्यातले अगदी बारीक कण हा फिल्टर टिपत नाही, त्यामुळे दिवाणखान्यातल्या शोभेच्या टाकीसारखे लखलखीत पाणी याच्याकडून अपेक्षू नये.

ज्यांच्याकडे मोटरचा फिल्टर आधीच आहे आणि पिल्लांसाठी वेगळी टाकी ठेवणे शक्य नाही, त्यांनी त्याच्या तोंडावर बसणारा नळकांड्यासारखा स्पंज घ्यावा. तो लांब असावा आणि त्याचे भोक नळीवर घट्ट बसावे, कारण सैल बसलेल्या स्पंजच्या कडेने पिल्ले हमखास आत जातात. गप्पीसाठी मध्यम छिद्रांचा स्पंज पुरतो. बेट्टाची (फायटर माशाची) नुकती अंड्यातून निघालेली पिल्ले जेमतेम 3 मिलिमीटरची असतात, त्यांना बारीक छिद्रांचा स्पंज लागतो. पण तो लवकर तुंबतो आणि प्रवाह मंदावून मोटर तापते. म्हणून बेट्टासाठी मी हवेवरचाच फिल्टर सुचवेन, आणि तोही पंपाची हवा पुष्कळ कमी करून, कारण ही पिल्ले वाहत्या पाण्यात तग धरत नाहीत.

घेताना त्याच मापाचे सुटे स्पंज मिळतात का, हे दुकानात आधीच विचारून घ्यावे.