रटलंडचा मालडबा: आठ महिन्यांनंतर

दिवाळीत मागवलेलं एचओ स्केलचं, म्हणजे १:८७ मापाचं, रटलंड रेलरोडच्या चाळीस फुटी मालडब्याचं मॉडेल जळगावच्या माझ्या माडीवर आठ महिने जवळपास रोज धावतंय. आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

रटलंडच का? माझं आजोळ शेंदुर्णी. पाचोऱ्याहून पीजेत, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीत, बसायचं आणि खिडकीतून पऱ्हाटी बघत जायचं. जामनेरपर्यंतची ५६ किलोमीटरची ती नॅरोगेज २०२० पासून बंद आहे. त्यामुळे मॉडेलच्या दुकानात युनियन पॅसिफिक, सांता फे, पेनसिल्व्हेनिया ही बड्या अमेरिकी रेल्वेंचीच नावं ओळीने दिसली की माझी नजर छोट्या गाड्या शोधते. रटलंड ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली रेल्वे, दुधाच्या गाड्यांसाठी ओळखली जायची. १९६१ च्या संपात थांबली आणि त्या नावाने पुन्हा सुरू झाली नाही.

अशी नावं मिळतात, पण ती पाळत ठेवून मिळवावी लागतात. डब्यावर प्रत्येक रंगाची छपाई वेगळ्या साच्याने होते, म्हणून कंपनी खपणारं नाव आधी छापते. लहान नावाची एक छोटी खेप निघते, आगाऊ नोंदणीतच संपते आणि मग वर्षानुवर्षं येत नाही. मी ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याने पहिल्यांदा सांता फेचाच डबा पाठवला होता. बदलून घेण्यात दीड महिना गेला, याचा राग अजून आहे.

डबा मात्र उत्तम. हिरवा-पिवळा रंग आठ महिन्यांत उडाला नाही, बारीक अक्षरं भिंगाखालीही स्वच्छ दिसतात. वजन कमी होतं. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एवढ्या लांबीच्या डब्याला साधारण १०६ ग्रॅम हवेत. आत शिशाचे तुकडे चिकटवून तेवढं केलं, प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची बसवली, तेव्हापासून वळणावर एकदाही घसरला नाही. मे महिन्यात रूळ मात्र वाकले. तीन मीटर रूळ तीस अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर वाढतो, आणि मी सांधे घट्ट बसवले होते. आपल्याकडे सांध्यात फट ठेवाच.

आजीला गाडी दाखवली तर तिने एवढंच विचारलं, "पीजेनी गाडी कोठे शे?"

ती मला कुठे विकत मिळाली नाही. ताप्ती व्हॅली रेल्वेचंही तेच. ज्या कंपनीने सुरत-अमळनेर मार्ग बांधला तिच्या नावाचा एकही डबा मला सापडला नाही. म्हणून न रंगवलेला डबा घेतला आणि पाण्यात भिजवून सरकवायच्या डेकलवर, म्हणजे डब्यावर चिकटवायच्या पातळ छापील पापुद्र्यावर, अक्षरं छापायला बसलो. इथे नवख्याची हमखास फसगत होते: घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, आणि मालडब्यावर अक्षरं तर पांढरीच हवीत. मी पांढऱ्या डेकल कागदावर डब्याचा तांबूस रंगच छापला आणि अक्षरांची जागा कोरी सोडली. रंग जुळेपर्यंत चार कागद वाया गेले. दुपारी डेकल जागेवर सरकवायच्या आतच वाळायचं, मग पहाटे पाचला उठून लावलं.

पीजेचं काम आता काढलंय आणि त्यात एक सुखाची गोष्ट कळली. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, एचओमध्ये ती १९.३ व्हायला हवी, पण रूळ मिळतात १६.५ चे. गाडी अरुंद पायांवर उभी दिसते. पीजेची ७६२ मिलिमीटर रुंदी मात्र ८.७६ वर येते, आणि एन या त्याहून छोट्या स्केलचे ९ मिलिमीटरचे रूळ कुठेही मिळतात. मेन लाइनपेक्षा पीजेच जास्त खरी दिसेल. रूळ आले आहेत, पीजेच्या वाटेवरच्या पहूर स्टेशनच्या फलाटासाठी लाकूड कापून ठेवलंय. रटलंडच्या डब्याला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण प्लॅस्टिकच्या चाकांचा कापला.