जुन्या मराठी पुस्तकाचं पुनर्मुद्रण: छायाप्रत की नवी जुळणी?

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं उलटली की भारतात स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं कुणालाही पुन्हा छापता येतात आणि एकाच पुस्तकाचे दोन अवतार दुकानात दिसतात: एक मूळ पानांची छायाप्रत, दुसरा नवी जुळणी, म्हणजे सगळा मजकूर नव्याने टाइप करून छापलेला.

छायाप्रतीत मूळ पानं जशीच्या तशी येतात. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश मी असाच वापरते. जुन्या संशोधकाने दिलेला पृष्ठक्रमांक तिथे बिनचूक सापडतो. पण प्रत नीट पारखून घ्या. स्कॅन घाईने केलेला असला तर मात्रा तुटतात, आणि शाईचा ठिपका कोणता नि अनुस्वार कोणता हेच कळेनासं होतं. कोशात ही चूक फार महागात पडते.

नव्या जुळणीची आवृत्ती डोळ्यांना सुखाची. अक्षर मोठं, परिच्छेद सुटे, चांगला संपादक असेल तर टिपाही. मात्र १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार बदल केले की 'घरांत', 'केलें' यांवरचे अनुस्वार जातात. गोष्ट म्हणून वाचणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्याचा पुरावाच पुसला जातो, आणि बदल केल्याचं प्रस्तावनेत लिहिलेलं नसेल तर मला त्याचा रागच येतो.

कोश, व्याकरण, कागदपत्रं असतील तर मी छायाप्रतच घेईन. प्रवासवर्णन किंवा आत्मचरित्र घरातल्या सगळ्यांनी वाचावं असं वाटत असेल, तर नवी जुळणी.