पगारपत्रकातली पीटी: इफमध्ये इफ, इफ्स की कोष्टक?

महाराष्ट्रात पगारातून कापायचा व्यवसाय कर, म्हणजे आपली पीटी, तसा सोपा आहे. महिना ७,५०० पर्यंत काही नाही, त्यापुढे १०,००० पर्यंत १७५, त्यावर २००. फेब्रुवारीत २०० च्या जागी ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० होतात. महिलांना २५,००० पर्यंत माफ. एवढ्याशा नियमासाठी एक्सेलमध्ये तीन वाटा आहेत, आणि तिन्ही मी चालून पाहिल्यात.

पहिली वाट सगळ्यांच्या ओळखीची, इफच्या (अट तपासणाऱ्या सूत्राच्या) पोटात इफ. बी२ मध्ये महिलेसाठी "म", सी२ मध्ये महिन्याचा पगार:

=इफ(बी२="म",इफ(सी२<=२५०००,०,२००),इफ(सी२<=७५००,०,इफ(सी२<=१००००,१७५,२००)))

हे कुठल्याही जुन्या एक्सेलवर चालतं. २००३ पर्यंत असे ७ थर लावता यायचे, २००७ पासून ६४. पण ६४ थर कोण वाचणार? मला तर तीनच नडले. वरच्या सूत्रात २०० दोनदा आलेत. एका फेब्रुवारीत मी शेवटच्या २०० चे ३०० केले, महिलांचे तसेच राहिले. चार बायकांचे प्रत्येकी १०० रुपये कमी कापले गेले आणि मार्चमध्ये समजावत बसलो.

इफ्समध्ये कंस कमी, अटी एकामागून एक:

=इफ्स(अँड(बी२="म",सी२<=२५०००),०,सी२<=७५००,०,सी२<=१००००,१७५,ट्रू,२००)

वाचायला सरळ, २०० एकदाच. (अँड वापरून इफमध्येही हे जमतं म्हणा, पण तेव्हा सुचलं नाही.) शेवटचा ट्रू विसरलात तर मोठ्या पगारांपुढे थेट '#एन/ए' येतो. ते एका अर्थी बरंच, चूक लपत नाही. खरी अडचण वेगळीच. इफ्स एक्सेल २०१९ पासून पुढे आहे. फाइल २०१६ वर उघडली तर जुना आकडा दिसतो, पण सेलला हात लावला की '#नेम?'. तुमची फाइल सीएंच्या जुन्या मशीनवर जाणार असेल तर इफ्स सोडा. गूगल शीट्सवाल्यांना ही काळजी नाही.

तिसरी वाट कोष्टकाची, आणि माझा कौल तिलाच. वेगळ्या शीटवर तीन रकाने: पगार, इतर महिने, फेब्रुवारी. ओळी ०, ७५००.०१ आणि १००००.०१ अशा. ते .०१ मुद्दाम आहेत. व्हीलुकअप, म्हणजे कोष्टकात पगार शोधून त्याच्या ओळीतला कर आणणारं सूत्र, 'इथपासून पुढे' असं मोजतो आणि कायदा 'इथपर्यंत' म्हणतो. नुसते ७५०० लिहिले तर बरोबर ७,५०० पगार असलेल्या माणसाचे १७५ कापले जातील. महिलांचं कोष्टक दोनच ओळींचं, शेजारी. कुठल्या कोष्टकात बघायचं एवढं एक इफ ठरवतो, आणि दुसरा फेब्रुवारीचा रकाना निवडतो.

सांभाळायच्या गोष्टी दोन. कोष्टक चढत्या क्रमानेच हवं, नाहीतर सूत्र तक्रार न करता चुकीचा आकडा देतं, आणि तो पटकन लक्षातही येत नाही. दुसरं, कोष्टकाच्या पत्त्याला एफ४ दाबून डॉलर लावा, नाहीतर सूत्र खाली ओढताना कोष्टकही खाली सरकतं. एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर व्हीलुकअपऐवजी एक्सलुकअप घ्या: जुळणीच्या (मॅच मोडच्या) जागी १ टाकला की तो वरची मर्यादा शोधतो. मग ७५०० आणि १०००० कायद्यात आहेत तसेच लिहायचे, शेवटच्या ओळीत एखादा अवाढव्य आकडा टाकायचा. क्रमाचंही बंधन नाही.

१ एप्रिल २०२३ ला महिलांची सूट १०,००० वरून २५,००० झाली तेव्हा कोष्टकात एक आकडा बदलावा लागला. इफवाल्या फायलींत मात्र एप्रिल ते मार्च अशी बारा शीटं, प्रत्येकीत सूत्र बदलून खाली ओढायचं.

तरी दहा माणसांचं दुकान, सगळे पगार १०,००० च्या वर आणि महिला कोणी नाही, असं असेल तर कोष्टक कशाला? फक्त महिना बघणारा एक इफ पुरतो.