हीणकस चांदीची नाणी: भाव नगावर ठरवावा की वजनावर?

ज्या नाण्यांवरची मुद्रा पुसट झाल्यामुळे संग्राहक ती हौसेने घेत नाहीत, किंवा ज्यांत मुळातच चांदी कमी आहे, अशा नाण्यांचा भाव दोन पद्धतींनी ठरतो. एकीत नाणी मोजून प्रत्येक नगाला ठरावीक रक्कम लावतात. दुसरीत नाणी तराजूवर घालून, कसाप्रमाणे चोख चांदी काढून, तिला त्या दिवसाचा भाव लावतात. मी दोन्ही पद्धतींनी नाणी घेतली आहेत आणि विकलीही आहेत. पहिल्यांदाच पन्नास-शंभर नाण्यांचा व्यवहार करणाऱ्याला निवड सोपी जावी, म्हणून हा अनुभव मांडतो.

नगावरच्या भावाची सोय नाकारता येत नाही. टांकसाळीने वजन आणि कस ठरवूनच नाणे पाडलेले असते, तेव्हा ते पुन्हा कशाला तोलायचे, हा युक्तिवाद कोऱ्या नाण्यापुरता बिनतोड आहे. अमेरिकेत १९६४ पर्यंतच्या ९० टक्के चांदीच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पाव डॉलर) आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचा व्यवहार बहुधा दर्शनी मूल्यावरच, म्हणजे नाण्यावर लिहिलेल्या किमतीच्या हिशोबानेच होतो. एक डॉलर दर्शनी मूल्याच्या अशा नाण्यांत टांकसाळीतून निघताना २२.५ ग्रॅम, म्हणजे ०.७२३४ ट्रॉय औंस चांदी असते. व्यापारी मात्र हिशोब ०.७१५ औंसाने करतात, कारण वापरातली झीज त्यांनी सरसकट वजा धरलेली असते. मोजून घेणाऱ्या बाजारालाही झीज विचारात घ्यावी लागली, हे मला महत्त्वाचे वाटते.

माझे मत फिरले ते याच झिजेमुळे. ब्रिटिश हिंदुस्थानचे जुने चांदीचे रुपये मी एकदा नगावर घेतले. हिशोब टांकसाळीच्या वजनाने, म्हणजे प्रत्येकी ११.६६ ग्रॅम धरून झाला होता, आणि नाण्यांवरचे चेहरे सपाट झालेले दिसत असूनही मी हरकत घेतली नाही. काही वर्षांनी तीच नाणी त्याच व्यापाऱ्याकडे परत नेली, तेव्हा त्याने ती मोजली नाहीत, थेट काट्यावर घातली, आणि वजन कमी भरले. मधल्या काळात नाणी डब्यातून बाहेरही निघाली नव्हती. म्हणजे ज्या चांदीचे पैसे मी मोजले होते, ती मला कधी मिळालीच नव्हती. व्यापाऱ्याच्या हेतूविषयी मला काही म्हणायचे नाही, कदाचित त्याच्याकडची ती रीतच असेल. पण विकताना नग आणि घेताना वजन ही एकाच माणसाची दोन मापे मला आजही सहन होत नाहीत.

अर्थात वजनाची पद्धतही निर्धोक नाही, कारण तराजूला कस कळत नाही. १९४० साली रुपयातील चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली, तरी वजन तेच राहिले, त्यामुळे १०.७ ग्रॅम चांदीचा आणि ५.८ ग्रॅम चांदीचा रुपया एकाच ढिगात सहज मिसळतात. साल पुसले गेले असले तरी रुपयाच्या बाबतीत चेहरा मदतीला येतो, कारण पाचव्या जॉर्जचे सर्व रुपये जुन्या कसाचे आहेत आणि शंका फक्त सहाव्या जॉर्जच्या नाण्यांपुरती उरते. इंग्लंडच्या हाफ क्राउन या चांदीच्या नाण्याला मात्र हा नियम लागू पडत नाही. तेथे कस १९२० मध्येच ९२.५ वरून ५० टक्क्यांवर आला, त्यामुळे पाचव्या जॉर्जच्याच कारकिर्दीत दोन्ही प्रकार निघाले. अशा वेळी नाणे एकदा कोरडे आणि एकदा दोऱ्याने पाण्यात टांगून तोलावे, म्हणजे दोन वजनांवरून त्याची घनता काढता येते. जुन्या रुपयाची घनता सुमारे १०.३ आणि नंतरच्या रुपयाची सुमारे ९.५ येते; ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असेल तर हा फरक स्पष्ट कळतो. एवढी खटपट प्रत्येकाला जमेल असे मी म्हणत नाही, परंतु संशयित नाण्यांपुरती ती करावी असे मला वाटते.

कमी कसाच्या नाण्याला चोख चांदीच्या हिशोबानेही थोडा कमी भाव मिळतो, आणि त्यात अन्याय नाही. एक किलो चांदी काढण्यासाठी ९० टक्क्यांची नाणी १.११ किलो आटवावी लागतात, ५० टक्क्यांची दोन किलो, तर अमेरिकेची १९४२ ते १९४५ मधली ३५ टक्क्यांची पाच सेंटची नाणी जवळजवळ २.९ किलो. शिवाय नायट्रिक ॲसिडने चांदी वेगळी करताना ग्रॅमला ग्रॅम तांब्यालाच ॲसिड अधिक लागते. मेक्सिकोच्या १९५७ ते १९६७ मधल्या पेसोत तर अवघी १० टक्के चांदी आहे. ते आटवणे परवडण्यासारखे नसल्याने तिथे मी नगावरचा भाव आनंदाने मान्य करीन. मात्र वजावट उघडपणे आटणीच्या नावाने लावलेली असावी. ५० टक्क्यांचे नाणे ४५ टक्क्यांचे धरून ती कसात लपवणे मला पटत नाही.

म्हणून आता मी कसानुसार ढीग वेगळे करतो आणि प्रत्येक ढिगाचे वजन, धरलेला कस, दिवसाचा भाव व आटणीची वजावट हे चार आकडे कागदावर वेगवेगळे मांडून घेतो. घेताना जो कागद मागतो, तोच विकताना स्वतः तयार करून नेतो. समोरचा नगावरच अडून बसला, तर ढिगातली सर्वांत झिजलेली दहा नाणी एकत्र तोलतो, एका नाण्यात सरासरी किती चोख चांदी उरली आहे ते काढतो, आणि त्याच्या भावाला तिने भागून ग्रॅमचा भाव काय पडतो ते त्याच्यासमोरच लिहितो.