मोदेनाची ऑस्टेरिया फ्रान्चेस्काना: आधी गाव जेवा, मग बोत्तुरा

इटलीतल्या मोदेना गावच्या ऑस्टेरिया फ्रान्चेस्काना या रेस्तराँत टेबल मिळालं असेल तर आदल्या दिवशी गावातल्याच एखाद्या साध्या खाणावळीत तोर्तेल्लिनी इन ब्रोदो खाऊन घ्या. डुकराचं मांस, प्रोश्युत्तो (खारवून वाळवलेली डुकराची मांडी), मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचा जाड सॉसेज), पार्मिजानो चीज आणि जायफळ यांचं सारण भरलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या पास्त्याच्या पुड्या गरम रश्शात येतात. ती चव जिभेवर नसेल तर इथला शेफ मास्सिमो बोत्तुरा याचं निम्मं जेवण डोक्यावरून जातं.

बोत्तुरा याच गावचा. लहानपणी भावांपासून लपायला तो स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली शिरायचा आणि आजी वळत असलेल्या कच्च्या तोर्तेल्लिनी पळवायचा, हे त्याने अनेकदा सांगितलंय. 1995 साली ऑस्टेरिया सुरू केल्यावर त्याच तोर्तेल्लिनी त्याने ताटलीत मोजून सहा मांडल्या आणि गावकरी भडकले. आज मिशेलिन या रेस्तराँ-मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिथला सर्वोच्च मान, आहेत, आणि 2016 व 2018 साली जगातल्या 50 सर्वोत्तम रेस्तराँच्या यादीत ते पहिलं आलं.

मेन्यू बदलत असतो, पण ‘पार्मिजानोची पाच वयं’ मिळाली तर सोडू नका. ताटलीत घटक जवळजवळ एकच, चीज. 24 महिन्यांच्या चीजचं गरम, फुगवलेलं सूफ्ले, 30 महिन्यांच्याचा सॉस, 36 महिन्यांच्याचा गार मूस, 40 महिन्यांच्याची कुरकुरीत चकती आणि 50 महिन्यांच्याचा हलका फेस. हा क्रम उगाच नाही. कोवळ्या चीजमध्ये ओलावा आणि दुधाची गोडी असते. वय वाढतं तसं ते कोरडं, रवाळ होतं आणि त्यातली प्रथिनं तुटून चव तीव्र होते. घास घेताना पाचही एकत्र घ्या. वेगवेगळे चाखत बसलात तर गरम-गार, मऊ-कुरकुरीत यांची गंमत हातची जाते, शिवाय मिनिटभरात सूफ्ले बसतं आणि फेस विरतो.

दुसरा पदार्थ रिसोत्तो काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरी घातलेला मऊ इटालियन भात, आणि हा घरीही जमण्यासारखा आहे. मे 2012 च्या भूकंपात एमिलिया भागातल्या गोदामांच्या फळ्या कोसळल्या आणि चीजची लाखो चाकं खाली आली. तडकलेलं चीज टिकत नाही, लवकर खपवावं लागतं. म्हणून बोत्तुराने या भातात लोणी, मांसाचा स्टॉक सगळं बाजूला ठेवून त्यांच्या जागी चीजच वापरलं. किसलेलं पार्मिजानो पाण्यात मंद आचेवर 80-90 अंशांपर्यंत तापवायचं, तळाशी चीजच्या तारा धरू लागल्या की उतरवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी वर साय, मध्ये पाणी, तळाला चोथा. तांदूळ, शक्यतो व्हियालोने नानो जातीचा, त्या पाण्यावर शिजवायचा आणि शेवटी साय घोटून मिरी घालायची. बिघडतं ते दोन ठिकाणी: पाणी खळखळ उकळलं तर चोथा तळाला लागतो आणि करपट वास सगळीकडे पसरतो, आणि मीठ घातलं तर भात खारट होतो, कारण चीजचं मीठ आधीच पाण्यात उतरलेलं असतं.

लझान्या म्हणजे पास्त्याच्या पट्ट्यांचे थर लावून ट्रेमध्ये भाजलेला पदार्थ. ‘लझान्याची कुरकुरीत बाजू’ आपल्या लोकांना ताबडतोब कळेल. आपल्याकडे पोरं खरवडीसाठी भांडतात, तिथे ट्रेच्या करपलेल्या कोपऱ्यासाठी. बोत्तुराने तो कोपराच अख्खा पदार्थ केला.

काही पदार्थांसोबत चित्रकलेचे इतके संदर्भ येतात की जेवण गार होईल. ते ऐकले नाहीत तरी चवीत काही कमी पडत नाही.

शाकाहाऱ्यांनी लक्षात घ्या: पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, असतंच, नियमच तसा आहे. चीज खाता पण रेनेट चालत नाही, असं असेल तर बुकिंग करतानाच विचारा, कारण इथे पार्मिजानो टाळून फारसं काही उरत नाही.

टेबलं डझनभरच, त्यामुळे बुकिंग काही महिने आधी करावं लागतं. बिल माणशी काही शे युरो, वाईन वेगळी. एवढा खर्च नको असेल तर गावातल्याच फ्रान्चेस्केत्तामध्ये जा. तेही बोत्तुराचंच, आणि खिशाला बरंच परवडणारं.