फॅरेडे यांची मेणबत्ती: पुस्तक आणि घरी करता येणारे प्रयोग

मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. विल्यम क्रुक्स यांनी संपादित केलेली ही व्याख्यानं १८६१ मध्ये 'द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल' या नावाने छापली गेली. इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. वाचताना शेजारी मेणबत्ती हवीच, नाहीतर निम्मी मजा जाते. फॅरेडे 'हे बघा' म्हणून पुढे सरकतात आणि वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही.

दुसरं व्याख्यान सगळ्यांत सरस. वातीलगतच्या काळसर भागात मेणाची न जळलेली वाफ असते. काचेच्या बारीक नळीचं एक टोक तिथे धरलं की दुसऱ्या टोकातून पांढरट वाफ निघते. तिला काडी लावली की तिथेही ज्योत पेटते! नळी ८-१० सेंमीचीच घ्या, चिमट्यात धरा आणि आधी थोडी तापवा. गार नळीत मेण गोठून वाट बुजते. पंखा बंद. टोक वरच्या पिवळ्या भागात सरकलं तर काळा धूर येतो. तो कार्बन, त्याचेच कण तापून उजळतात म्हणून ज्योत पिवळी दिसते. पडताळायचं असेल तर मेणबत्ती कडक उन्हात ठेवून मागे पांढरा कागद धरा. ज्योतीचा सर्वांत तेजस्वी भागच सर्वांत गडद सावली पाडतो. घन कण असल्याचा इतका साधा पुरावा क्वचितच कुणी दिला असेल.

मधल्या व्याख्यानांतले पोटॅशियम आणि हायड्रोजनचे प्रयोग नुसते वाचावेत, घरी करू नयेत.

सहाव्यात श्वास आणि ज्वलन यांची सांगड घातली आहे. माणूस दिवसाला ७ औंस, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम कार्बन श्वासावाटे बाहेर टाकतो, असा हिशेब फॅरेडे देतात. इथे चुन्याची निवळी लागते: अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खायचा चुना ढवळा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पापुद्रा धरतो. स्ट्रॉने फुंकताच ती दुधाळ होते (फुंकायचं, ओढायचं नाही), कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचं न विरघळणारं कार्बोनेट बनतं. फार वेळ फुंकत राहिलात तर पुन्हा निवळते, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. मुलं नेमकी इथे गोंधळतात.

मापं औंस-इंचांत आहेत, तेवढी बदलून घ्यावी लागतात. पहिल्या व्याख्यानातला मेणबत्त्यांच्या प्रकारांचा भाग रेंगाळतो. तो चाळून थेट ज्योतीपाशी आलात तरी काही अडत नाही.